मेव्हण्याने नेलेलं धुण्याचं मशीन

सोमवार, २ जून

मशीन गेलं.

शनिवारी घरात आलं, आज गेलं. चाललं फक्त एकदा. बाळाचे लंगोट घातले होते. मशीन थडथडत होतं आणि माझी बायको केलेरा त्याच्या झाकणावर हात ठेवून उभी होती, लग्नाच्या फोटोत हसली आहे तशी हसत. याच मशीनसाठी मी बस सोडून कामावर गोदामापर्यंत चालत जात होतो, चहातली साखर सोडली होती, पोरांना नवे बूट घेतले नव्हते. सुवा शहर सोडून जाणाऱ्या एका मास्तरांकडून जुनं घेतलं, पण चांगलं चालू.

आज संध्याकाळी इनोके आला. इनोके म्हणजे केलेराचा थोरला भाऊ, बायको आसिनातेसह आमच्याच गल्लीत खाली राहतो. हातात कावाच्या मुळांची जुडी. ही मुळं कुटून पेय करतात, पण मागायला आलेला माणूस ती आधी पुढे ठेवतो. चटईवर मांडी घालून बसला, जुडी माझ्यापुढे ठेवली, मान खाली घातली. तेव्हाच ओळखलं. हा माणूस हळू आवाजात 'दाजी' म्हणाला की घरातली एक वस्तू जाते.

म्हणाला, दाजी, आसिनातेला जुळी झालीत, धुणं बघून ती रडते हो, तुमचं ते मशीन द्या ना. केरेकेरे.

झालं. आपल्या माणसाने 'केरेकेरे' म्हणून मागितलं की द्यायचं. नाही म्हणणारा माणूस मी तरी आमच्यात पाहिलेला नाही. म्हटलंच तर रविवारी चर्चमध्ये शेजारी कोणी बसणार नाही. मी रिवाजाप्रमाणे ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, जुडी उचलली आणि म्हणालो, ने. वर माझ्याच तोंडून निघालं, पाइपही ने.

केलेराने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि नळावर जाऊन बसली.

जुळी काय माझा सल्ला घेऊन झाली होती?

संकल्प: बदला. थंड डोक्याने, पद्धतशीर, एक पैसा खर्च न करता.

बुधवार, ४ जून

इनोकेने आजवर नेलेलं आठवत बसलो. शिडी. मोठं पातेलं. गवत कापायचा कोयता. माझी छत्री, तीही पाऊस पडत असताना. शिडी मागायला आला तेव्हा पातेलं परत आणलं होतं, असं केलेरा म्हणते. पण शिडीवर चढून आमच्या झाडाचे ब्रेडफ्रूट काढले आणि त्याच पातेल्यात नेले, ते ती सांगत नाही.

रोगाचं मूळ सापडलं. मला 'नाही' म्हणता येत नाही. आजपासून दाढीच्या आरशासमोर रोज सराव. ताठ मान, डोळ्यात डोळे, आवाज पोटातून. नाही. नाही. नाही.

तोरिका दारात उभी होती. सात वर्षांची आहे, पण तोंड सत्तरीचं. म्हणाली, बाबा, दाढ दुखतेय का?

शुक्रवार, ६ जून

सरावाची पहिली चाचणी. सेमीने (वय चार) दुसरं बिस्किट मागितलं. मी पोटातून म्हणालो, नाही. त्याने भोकाड पसरलं. केलेराने त्याला दोन दिली.

चाचणी यशस्वी. माझ्याकडून नकार गेला होता. पुढचं माझ्या हातात नव्हतं.

रविवार, ८ जून

चर्चबाहेर आसिनाते भेटली. कडेला एक, पाठीला एक. म्हणाली, भावजी, मशीन आमच्याकडे आहे म्हणून काय झालं, धुणं पाठवा की, मी लावते. वीज आमची, साबण आमचा, तुम्ही फक्त कपडे पाठवा.

म्हणजे माझंच मशीन आणि उपकार यांचे! मी म्हणालो, आमचं आम्ही बघू, वहिनी. घरी येऊन हुकूम काढला. त्या मशीनमध्ये आपल्या घरचा एक मोजाही पडता कामा नये. मानाचा प्रश्न आहे. केलेराने विचारलं, मान कोण धुणार, तू का मी? मी अळू बघायला परसात गेलो. अशा वेळी घरच्या प्रमुखाने परसात असावं.

शनिवार, १४ जून

युद्धकाळातली काटकसर आजपासून लागू. शत्रूला दाखवायचं आहे की आपण मशीनवाचूनही जगतो, आणि ऐटीत जगतो. एक दिवा. पंखा फक्त पाहुणे आल्यास. चहाची पुडी दोनदा. नारळाचा चव तीनदा पिळायचा, तिसरं दूध पाण्यासारखं दिसलं तरी ते दूधच. अळूची भाजी रोज, कारण अळू परसात फुकट आहे. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी कापायची. आत अजून आठवड्याची पेस्ट असते, लोकांना माहीत नसतं.

केस घरीच कापायचे. सेमीचे कापले. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी सारखी केली, मग उजवी जास्त गेली. शेवटी मध्ये एक पट्टा उरला. तो तसाच ठेवला, रुबाबदार दिसतो.

रविवार, १५ जून

सेमीला बघून इनोके चर्चच्या पायरीवरच खाली बसला. म्हणाला, दाजी, हे कात्रीने केलंत की माझ्याकडे आहे त्या तुमच्या कोयत्याने? अख्खा गायकवृंद हसला. स्तोत्राची पहिली ओळ कोणाला धड म्हणता आली नाही.

मेव्हण्या-मेव्हण्यांत थट्टा चालतेच. आमच्यात तो रिवाजच आहे. काहीही बोला, ते थट्टेतच धरायचं, रागावला तो हरला. म्हणून मीही हसलो. जबडा अजून दुखतोय.

याचा हिशेब होणार.

शनिवार, २१ जून

केलेरा पोरांना घेऊन सकाळीच भावाकडे गेली. पाठीवर भलंमोठं गाठोडं. संशय आला. माहेरी वस्तू पोचवते की काय? संध्याकाळी गाठोडं तेवढंच परत आलं. उघडून बघितलं, सगळे आपलेच कपडे, घडी घातलेले, छान वास येणारे. विचारलं तर म्हणाली, तिकडे ऊन चांगलं येतं.

ऊन फुकट आहे. शत्रूच्या अंगणातलं ऊन वापरायची कल्पना मला आवडली. परवानगी दिली.

सोमवार, ३० जून

विजेचं आणि पाण्याचं बिल आलं. इतकं कमी बिल या घरात कधी आलं नव्हतं. साबणाची वडी महिनाभर जवळजवळ तशीच. पाणी तर फारच कमी. आणि घरात कोणी मळकट नाही, उलट पोरं पूर्वीपेक्षा स्वच्छ. केलेरा स्वयंपाक करताना गुणगुणते.

हा सगळा माझ्या पद्धतीचा परिणाम. गोदामात सगळ्यांना बिल दाखवलं. मुख्य स्टोअरकीपर म्हणाले, अपिसाई, तुला अर्थमंत्री करायला हवा. ते चेष्टा करत नव्हते.

तरीही बदला राहिला आहे, हे विसरायचं नाही.

शनिवार, ५ जुलै

पहिला हल्ला. त्याचंच शस्त्र त्याच्यावर. कावाची जुडी घेऊन (त्याचीच, २ जूनची, जपून ठेवली होती) इनोकेच्या चटईवर जाऊन बसलो. मान खाली. म्हणालो, इनोके, तुझा तो लाल कोंबडा दे ना. केरेकेरे. कोंबडा त्याचा जीव की प्राण. गल्लीतली निम्मी पिल्लं त्याचीच. आता बघू कसा तळमळतो.

इनोकेचा चेहरा उजळला. म्हणाला, दाजी, जन्मात पहिल्यांदा काही मागितलंत! नुसता कोंबडा काय नेता, चार कोंबड्याही न्या, एकटा रडेल बिचारा. आसिनातेने खुराडं दिलं. सासूबाईंनी डोळे पुसले, म्हणाल्या, जावई आज घरचे वाटले.

त्या घराच्या मागच्या पडवीत माझं मशीन थडथडत होतं. बाहेर दोरीवर वाळत घातलेला एक फ्रॉक तोरिकाच्या फ्रॉकसारखा दिसला. जुळी तर मुलगे आहेत. असेल कोणाचा.

सोमवार, ७ जुलै. पहाट

कोंबडा अंधारातच ओरडतो. मधे थांबतो. मी डोळे मिटले की पुन्हा ओरडतो. दाणे मात्र पोत्याने लागतात. कापून खाऊ म्हटलं तर सेमीने त्याचं नाव 'बिशप' ठेवलं आहे आणि त्याच्याशेजारी झोपायला बघतो.

शत्रूने हे आधीच ओळखलं असणार. हसत हसत दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गुरुवार, १७ जुलै

सापडलं! चालता चालता सापडलं, बसमध्ये बसलो असतो तर सापडलं नसतं.

आजोबा सांगायचे. भाच्याचा मामाच्या घरावर हक्क. बहिणीचं पोर मामाच्या घरात शिरून ज्या वस्तूवर हात ठेवील ती त्याची. मागायचं नाही, जुडी द्यायची नाही, आभारही मानायचे नाहीत. मामाने हूं की चूं करायचं नाही. हल्ली शहरात कोणी एवढं ताणत नाही, पोरं मामाकडून फार तर गोळ्या-बिस्किटं उचलतात. पण रिवाज तो रिवाज.

आणि इनोके कोण? माझ्या पोरांचा सख्खा मामा. घरात तीन भाचरं मी फुकट पोसतोय आणि केरेकेरे करत बसलो! भाचरं म्हणजे तोफा आहेत तोफा.

केलेराला योजना सांगितली. ती भाजी ढवळायची थांबली. म्हणाली, मशीन राहू दे तिकडेच, तिकडे बरं आहे, आसिनातेला लागतं, सगळ्यांचं चाललंय. डोळ्यात पाणी आल्यासारखं वाटलं. बिचारी. नवऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःचं मशीन सोडायला निघाली आहे. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, तू काळजी करू नकोस.

शनिवार, १९ जुलै

सराव. तोरिका आणि सेमीला मामाकडे पाठवलं. हात ठेवायचा, 'मामा, हे माझं' म्हणायचं, उचलायचं, चालू लागायचं.

तोरिकाने छत्री आणली (माझीच). सेमीने एका जुळ्याच्या तोंडातली चोखणी काढून आणली. ती परत पाठवली. युद्धालाही मर्यादा असतात.

मामा काय म्हणाला, असं विचारलं. तोरिका म्हणाली, मामा हसला, आणि मामीने आम्हाला आधी जेवायला घातलं.

म्हणजे घरचं एक जेवण वाचलं. ही पद्धत दर शनिवारी.

शनिवार, २६ जुलै

दुपारी दोन वाजता मशीन घरी आलं!!

सकाळी तोरिकाला समोर उभं करून सांगितलं, आज मशीन. ती म्हणाली, पण बाबा, मशीन तर आपण... तेवढ्यात तिच्या आईला जोराचा खोकला आला. मी म्हणालो, सैनिकाने प्रश्न विचारायचे नसतात. गेली. मी कुंपणाआडून बघत होतो. पडवीत उभी राहिली, झाकणावर तळहात ठेवला, म्हणाली, मामा, हे माझं. आवाज थोडा बारीक होता. पुढच्या वेळी शिकवू.

इनोके आधी बघतच राहिला. मग कुंपणाकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं. मग इतका हसला की भिंतीला टेकला. स्वतःच्या ट्रकमध्ये मशीन चढवून स्वतःच घेऊन आला. म्हणाला, दाजी, हक्क म्हणजे हक्क. या गावात जुना रिवाज पाळणारा एक तरी माणूस आहे, आता मी सगळ्यांना सांगणार. माझी छाती भरून आली. शत्रूचं कौतुक पचवायला जड असतं, पण मी पचवलं.

आसिनाते दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मुद्दाम बघितला नाही. बदला घेताना बायकांचे चेहरे बघू नयेत.

केलेराची आनंदाने वाचा बसली आहे. संध्याकाळपासून एक शब्द नाही.

रविवार, २७ जुलै

चर्चनंतर कंदावू बेटावर ताईला फोन लावला. उनाइसीताई माझी थोरली बहीण, तिकडे खेड्यात दिलेली. लागला नाही, म्हणून आवाजी निरोप पाठवला. सगळा विजय सविस्तर सांगितला. शेवटी म्हणालो, ताई, हल्लीच्या पोरांना भाच्याचा हक्क म्हणजे काय ते माहीतच नाही. आपण नाही शिकवलं तर कोण शिकवणार? मामाचं घर ते भाच्याचं घर.

निरोप स्वतःच दोनदा ऐकला. फार प्रभावी झाला आहे.

संध्याकाळी ताईचं उत्तर आलं. म्हणाली, बरं झालं बोललास रे बाबा, माझ्या चारही पोरांना शेजारी बसवून ऐकवलं.

रविवार, ३ ऑगस्ट

बिल बघून जेवण गेलं नाही. एका आठवड्याचं मशीन आणि मीटर पंख्यासारखा फिरलेला. साबणाची वडी संपली. शिवाय मशीन पाणी पितं ते वेगळंच.

शोध घेतला. माझी पद्धत तीच, माणसं तीच. म्हणजे दोष मशीनचा. इनोकेने बिघडवून दिलं असणार. नियम केला: मशीन आठवड्यातून एकदाच, रविवारचे कपडे आणि माझे गोदामातले शर्ट. बाकीचं नळावर, पूर्वीसारखं.

केलेरा म्हणाली, घरात मशीन असून मी हातानेच धुवायचं? मी म्हणालो, घरात आहे हे महत्त्वाचं. ती धुण्याचा टब उचलून गेली. निळा टब आता तिच्या हाताला चांगला बसला आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

केलेरा भावाकडे गेली नाही. गाठोडंही नाही. तिकडचं ऊन संपलं का, असं गमतीने विचारलं. हसली नाही. गुणगुणणंही बंद आहे.

आसिनाते तिच्या अंगणातल्या नळावर दिसली, लंगोटांचा ढीग घेऊन. माझ्याकडे पाठ केली. विजय असा दिसतो. वाटला होता तितका गोड नाही, पण पहिल्यांदाच चाखतोय, सवय होईल.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

ताईचा निरोप. सुट्टीत येते, चारही पोरांना घेऊन. पोरं मामाकडे जायचं म्हणून नाचतायत.

कुटुंब म्हणजे काय ते इनोकेला दिसू दे. नाहीतरी घरात वाघासारखे चार भाचे हिंडताना बघून तो पुन्हा काही मागायला धजणार नाही. पंखा लावायला परवानगी, पाहुणे आहेत.

शनिवार, २३ ऑगस्ट

आले. इनोके स्वतःच ट्रक घेऊन धक्क्यावर गेला आणि त्यांना घेऊन आला. फुकट! शत्रूचं डिझेल जाळलं याचा आनंद दिवसभर पुरला.

थोरला पेनिआसी सतरा वर्षांचा, दारातून आडवा होऊन आत येतो. बाकीचे तिघे त्याच्या खालोखाल. येताना सुके मासे, सुरणाची टोपली, कावाची मुळं आणली. जेवताना चौघेही घर बघत होते. पंखा, कपाट, घड्याळ, सगळं. मी म्हणालो, बघा बघा, मामाचं घर आहे. ताई म्हणाली, तेच तर शिकवलंय.

सोमवार, २५ ऑगस्ट

पेनिआसीने पंख्यावर हात ठेवला. म्हणाला, मामा, हा माझा.

मी हसलो. मला वाटलं, मजा करतोय. त्याने प्लग काढला, वायर गुंडाळली आणि पंखा आपल्या सामानाजवळ नेऊन ठेवला. दुसऱ्याने कोंबडा घेतला. कोंबड्याचं दुःख नाही, पण सेमी दिवसभर 'बिशप, बिशप' करत रडला. तिसऱ्याने छत्री, जी मी नुकतीच सोडवून आणली होती. धाकट्याला काय घ्यावं सुचेना. शेवटी दाढीचा आरसा घेतला.

ताईचा ऊर भरून आला होता. म्हणाली, तुझ्यामुळे हो. आम्ही तर विसरूनच गेलो होतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट

ताईला एकटीला गाठलं. म्हणालो, ताई, शहरात हल्ली लोक इतकं नाही ताणत. ती म्हणाली, म्हणून तर तू शहरात शोभून दिसतोस. तुझा निरोप पाद्र्यांनी अख्ख्या गावाला ऐकवला, म्हातारी माणसं रडली रे.

मी तिला चहा करून दिला, नव्या पुडीचा.

आरसा नसल्यामुळे 'नाही'चा सराव भिंतीसमोर केला. भिंतीपुढे जमतं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पेनिआसीने मशीनच्या झाकणावर हात ठेवला.

मी म्हणालो, बाळा, तुमच्या गावात वीज कुठे आहे? तो म्हणाला, जनरेटर आहे ना मामा. आम्ही यात कपडे नाही धुणार, कावाची मुळं धुणार. टोपलीभर मुळं घासायला आईचा अख्खा दिवस जातो. आणि ताईने मला तिचे हात दाखवले. मुळं घासून घासून नखांच्या कडा काळ्या पडल्या आहेत.

केलेरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाळ कडेवर. माझ्याकडेच बघत होती. मला कळत होतं की आत्ता, याच क्षणी तो शब्द निघायला हवा. मान ताठ केली. पोटातून श्वास घेतला. तोंड उघडलं.

म्हणालो, पाइपही ने.

शनिवार, ३० ऑगस्ट

मशीन बोटीवर चढलं. इनोकेच्या ट्रकमधून गेलं. त्याने दोर स्वतः आवळले, गाठी तपासल्या, वर ताडपत्री बांधली. धक्क्यावर म्हणाला, हक्क म्हणजे हक्क, दाजी. या वेळी हसला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

घरी आल्यावर केलेरा बोलायला लागली. महिनाभर साठवलेलं सगळं बोलली. म्हणाली, जून आणि जुलैमध्ये या घराचं सगळं धुणं दादाकडे होत होतं, त्याच मशीनमध्ये. वीज त्याची, पाणी त्याचं, साबण त्याचा. आसिनातेवहिनी वाळत घालायची, आई घड्या घालायची. मी दर शनिवारी गाठोडं न्यायचे आणि दोन घटका आईजवळ बसून चहा प्यायचे, साखर घातलेला. तू बंदी घातली होतीस म्हणून सांगितलं नाही. तुला फुकटात धुतलेले कपडे मिळत होते, अपिसाई. फुकटात! आणि तू पोरीला पाठवून ते मशीन उचलून आणलंस, माझ्याकडूनही काढून घेतलंस, वहिनीकडूनही, आणि कंदावूला पाठवून दिलंस.

मी विचारलं, म्हणजे जूनचं बिल...?

तिने ते बिल काढून माझ्यापुढे ठेवलं.

जुलैच्या पाच तारखेला दोरीवर दिसलेला तो फ्रॉक तोरिकाचाच होता.

रविवार, ३१ ऑगस्ट

चर्चला गेलो. कमरेला गुंडाळायचा सुलू चुरगळलेला, शर्ट कालचाच. आसिनाते आणि केलेरा एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये जुळी आणि आमचं बाळ. दोघींनी मिळून काहीतरी ठरवलं आहे. माझ्याकडे बघून ठरवलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

सकाळपासून नळावर आहे. लिहायला आत्ता बसलो, तेही कपडे भिजत घालून.

केलेरा बाळाला घेऊन भावाकडे गेली आहे. विचारलं, कशाला? म्हणाली, बसायला. नुसतं बसायला. जाताना निळा टब माझ्यापुढे सरकवला.

लंगोट, फ्रॉक, सेमीची चड्डी, ज्यात कोंबडीचं पीस सापडलं. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली. अंगठ्याला भेग पडली, त्यात साबण गेला की ओरडावंसं वाटतं. तेव्हा आठवलं, केलेरा रात्री भाकरीवर लोणी लावते त्याआधी थोडं बोटांच्या भेगांना चोळते. मी लोण्याच्या नासाडीबद्दल तिला बोललो होतो. लाज वाटली. खरंच वाटली.

तेवढ्यात इनोके आला. खांद्यावर जुळ्यांच्या लंगोटांचा ढीग. त्यालाही घरातून बाहेर काढलेलं दिसलं. माझ्याशेजारी उकिडवा बसला. मग हळू आवाजात म्हणाला, दाजी.

घरात आता न्यायला उरलंय काय?

म्हणाला, दाजी, आमचा टब फुटला, तो निळा टब द्या ना. केरेकेरे.

मी हातातला शर्ट खाली ठेवला. मान ताठ केली. त्याच्या डोळ्यात डोळे घातले. पोटातून, सावकाश, जन्मात पहिल्यांदा एका जिवंत मोठ्या माणसाला म्हणालो, नाही.

दारातल्या तोरिकाने ऐकलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

इनोकेला हसू फुटलं. हसता हसता मागे लंगोटांवर पडला, डोळे पुसायला लागला. म्हणाला, काय दाजी, काय चेहरा केलात, मला खरंच वाटलं! माझ्या पाठीत धपाटा घातला, टबातले माझे कपडे गवतावर उलटे केले आणि टब आपल्या पुढ्यात ओढून घेतला. मेव्हण्याचं बोलणं थट्टेतच धरायचं असतं.

मीही हसलो. उरलेलं धुणं बादलीत धुतोय.

साबणही मागितला. दिला.